स्ट्रीमरला व्हॉल्व्हची आउटपुट स्टेज जोडताना: क्रम, मोजमापे आणि नेहमीच्या चुका

रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर उभारलेल्या स्ट्रीमरला, म्हणजे नेटवर्कवरून संगीत वाजवणाऱ्या उपकरणाला, व्हॉल्व्हची (निर्वात नळीची) आउटपुट स्टेज जोडल्यानंतर ज्या तक्रारी येतात त्या बहुधा ठरलेल्या असतात. स्पीकरमधून घूं असा आवाज येतो, सुरू करताना मोठा धक्का बसतो, एक बाजू मुकी राहते, किंवा डॅक बोर्डच, म्हणजे डिजिटल सिग्नलचे अ‍ॅनालॉगमध्ये रूपांतर करणारा बोर्डच, जळून जातो. या तक्रारींच्या मुळाशी व्हॉल्व्ह क्वचितच असतो. मोजायचे ते मोजलेले नसते आणि जे शेवटी जोडायचे ते आधी जोडलेले असते, एवढेच घडलेले असते. त्यामुळे या लेखात कोणत्या कंपनीचा व्हॉल्व्ह गोड वाजतो याची चर्चा नाही. काय आधी करावे, काय नंतर करावे आणि प्रत्येक टप्प्यावर मीटरवर कोणता आकडा दिसला पाहिजे, एवढेच येथे सांगितले आहे.

उदाहरण म्हणून रास्पबेरी पाय ४, त्यावर बसवलेला पीसीएम५१०२ए चिपचा डॅक बोर्ड आणि दोन्ही चॅनेलसाठी मिळून एकच ईसीसी८२ व्हॉल्व्ह, म्हणजेच १२एयू७, अशी जोडणी घेतली आहे. तयार विकत घेतलेला स्ट्रीमर असेल तर तो उघडू नये. ही स्टेज वेगळ्या डब्यात बांधून तो डबा त्याच्या लाइन आउटला बाहेरून जोडावा. यात वॉरंटी शाबूत राहते आणि बिघाड झाल्यास दोष कोणत्या डब्यात आहे हेही लगेच कळते.

सर्वांत आधी, सुरक्षिततेचे चार मुद्दे

या जोडणीत ३०० व्होल्टच्या आसपास डीसी असतो. येथून पुढे त्याला एचटी म्हटले आहे. घरातील आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारी स्विच, या व्होल्टेजपासून आपले रक्षण करत नाही, ही गोष्ट अनेक अनुभवी मंडळींनाही ठाऊक नसते. एचटी ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडच्या, विलग बाजूला तयार होतो. तेथे धक्का बसला तरी मेन्सच्या फेज आणि न्यूट्रलमधील प्रवाहात आरसीसीबीला जाणवेल असा फरक पडत नाही, म्हणून ती पडत नाही.

वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये भार शिल्लक राहतो. डब्यात हात घालण्यापूर्वी प्लग काढावा, तीन मिनिटे थांबावे आणि शेवटच्या कपॅसिटरवर मीटर लावून आकडा १० व्होल्टच्या खाली आल्याची खात्री करावी. तो आला नसेल तर ४.७ किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी जोडून भार उतरवावा. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी काढण्याची पद्धत कपॅसिटरलाही वाईट आणि डोळ्यांनाही.

चालू स्थितीत मोजताना मीटरची काळी वायर क्लिपने ग्राउंडला अडकवून ठेवावी आणि लाल वायर एकाच हाताने धरावी. दुसरा हात खिशात किंवा पाठीमागे ठेवावा. मीटर आणि त्याच्या वायरी ६०० व्होल्टसाठी प्रमाणित असाव्यात.

ज्यांनी आजवर फक्त ५ आणि १२ व्होल्टवर काम केले आहे, त्यांनी वीजपुरवठ्याचा टप्पा जाणकार माणूस शेजारी बसलेला असतानाच करावा.

टप्पा १: डॅकमधून नेमके काय बाहेर येते ते मोजणे

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात. पीसीएम५१०२ए हा व्होल्टेज आउटपुट देणारा डॅक आहे. पूर्ण पातळीवर तो सुमारे २.१ व्होल्ट आरएमएस देतो आणि त्याचे आउटपुट ग्राउंडभोवतीच केंद्रित असते, म्हणजे त्यावर डीसी जवळजवळ नसतो. याउलट पीसीएम१७९४ए सारखी चिप व्होल्टेज न देता करंट देते. तिच्या पायांना ही स्टेज थेट जोडून काहीही साधत नाही, कारण तेथे आधी करंटचे व्होल्टेजमध्ये रूपांतर करावे लागते. आपल्या बोर्डावर कोणती चिप आहे ते भिंग घेऊन वाचावे. विक्रेत्याच्या जाहिरातीवर विसंबू नये.

मोजण्याची रीत अशी. ऑडॅसिटीमध्ये १०० हर्ट्झचा, पूर्ण पातळीचा साइन टोन तयार करावा आणि तो वेव्ह फाइल म्हणून स्ट्रीमरवर ठेवावा. व्हॉल्यूमिओ किंवा संगीत वाजवणारे जे सॉफ्टवेअर असेल त्यात आवाज १०० टक्क्यांवर न्यावा आणि ईक्यू, नॉर्मलायझेशन वगैरे सर्व बंद करावे. अँप्लिफायर जोडलेला नसताना डॅकच्या आउटपुटवर एसी व्होल्ट मोजावा. टोन १०० हर्ट्झचाच घ्यावा, कारण स्वस्त मल्टिमीटर ५० हर्ट्झच्या आसपासच विश्वासार्ह असतात. १ किलोहर्ट्झवर ते निम्मा आकडाही दाखवू शकतात आणि मग नसलेला दोष शोधत संध्याकाळ जाते.

तपासणी: दोन्ही चॅनेलवर २ ते २.१ व्होल्ट एसी दिसला पाहिजे आणि डीसी रेंजवर काही मिलिव्होल्टच दिसले पाहिजेत. हे आकडे वहीत लिहून ठेवावेत. पुढे त्यांचीच तुलना करायची आहे.

टप्पा २: गेन हवा की नको, हे ठरवणे

बहुतेक अँप्लिफायर पाव ते एक व्होल्टच्या सिग्नलवर पूर्ण ताकदीने वाजतात. डॅक आधीच दोन व्होल्ट देत असताना त्यापुढे १५ पट गेनची, म्हणजे सिग्नल तितका मोठा करणारी, स्टेज लावली, तर अँप्लिफायरचा व्हॉल्यूम घड्याळातील नऊच्या स्थितीपुढे नेता येत नाही, खरखर वाढते आणि चॅनेलचा तोलही बिघडतो, कारण व्हॉल्यूम कंट्रोल सुरुवातीच्या भागातच सर्वांत असमान असतो. “व्हॉल्व्ह लावला पण आवाज कर्कश झाला” ही तक्रार मी जितक्या वेळा तपासली आहे, तितक्या वेळा बहुतांशी कारण हेच निघाले आहे.

म्हणून येथे कॅथोड फॉलोअर, म्हणजे व्हॉल्व्हच्या कॅथोडवरून आउटपुट घेणारी जोडणी, घेतला आहे. त्याचा गेन एकपेक्षा किंचित कमी, सुमारे ०.९ असतो, आणि तो सिग्नल उलटा करत नाही. पुढे दिलेल्या जोडणीत त्याचा आउटपुट इम्पीडन्स ५०० ते ६०० ओहम येतो. त्यापुढे किमान १० किलोओहम इनपुटचा अँप्लिफायर आणि दोन मीटरपर्यंतची केबल सहज चालते. ज्यांना व्हॉल्व्हचा ठसठशीत रंग हवा असेल त्यांची येथे थोडी निराशा होईल, कारण या स्टेजने आवाजात होणारा बदल सूक्ष्म असतो. माझ्या मते पहिल्या बांधणीला तेच योग्य आहे.

टप्पा ३: सामान जमवणे

ट्रान्सफॉर्मर दोन लागतात. पहिला २३० ते १५ व्होल्ट, १ अँपिअरचा. दुसरा २३० ते १५ व्होल्ट, ५०० मिलिअँपिअरचा, जो उलटा जोडायचा आहे. पहिल्याच्या १५ व्होल्टवर दुसऱ्याची १५ व्होल्टची बाजू लावली की त्याच्या २३० च्या बाजूला साधारण १९० ते २१५ व्होल्ट एसी मिळतो. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे दोन्ही तयार मिळतात. खास एचटी ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेण्याची गरज पडत नाही.

बाकीचे सामान असे: १एन४००७ डायोड नऊ, ४७ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्टचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर तीन, ४.७ किलोओहम, २ वॉटचे रेझिस्टर दोन. हीटरसाठी ७८१२ रेग्युलेटर, हीटसिंक, अभ्रकाची चकती आणि २२०० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्टचा कपॅसिटर. रेग्युलेटरच्या दोन्ही बाजूंना लावायला ०.१ मायक्रोफॅरडचे दोन छोटे कपॅसिटर; सिरॅमिकचा नऊ पिनी सॉकेट; ०.२२ मायक्रोफॅरड आणि २.२ मायक्रोफॅरडचे, ४०० व्होल्टचे फिल्म कपॅसिटर प्रत्येकी दोन; बायससाठी, म्हणजे ग्रिडला दिल्या जाणाऱ्या स्थिर व्होल्टेजसाठी, १० मायक्रोफॅरड, २५० व्होल्टचा एक. किरकोळ रेझिस्टरांची किंमत त्या त्या जागी दिली आहे. डबा धातूचा, तीन पिनी मेन्स सॉकेटचा आणि फ्यूजची सोय असलेला हवा.

इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या व्होल्टेजमध्ये काटकसर करू नये. व्हॉल्व्ह काढलेला असताना आणि मेन्स २५० व्होल्टवर गेलेला असताना पहिल्या कपॅसिटरवर ३२० व्होल्टपर्यंत आकडा जाऊ शकतो. “२५० चा चालेल, साहेब” असे सांगणाऱ्या दुकानदाराला तो कपॅसिटर स्वतःच्या शेजारी फुटणार नाही याची खात्री असते.

हा सगळा पसारा स्ट्रीमरच्या डब्यातच कोंबण्याचा मोह टाळावा. रास्पबेरी पायचा वायफाय अँटेना बोर्डावरच असतो, त्यामुळे धातूच्या डब्यात तो बंद झाला की नेटवर्क तुटू लागते. शिवाय पायच्या शेजारी ३०० व्होल्ट असल्यावर एक सुटी वायर दोन्ही संपवू शकते. दोन डबे आणि मध्ये अर्ध्या मीटरची शिल्डेड केबल ही रचना दिसायला कमी देखणी असली तरी वागायला चांगली आहे.

टप्पा ४: वीजपुरवठा बांधणे आणि तो व्हॉल्व्हशिवाय तपासणे

मेन्सची फेज आधी २०० मिलिअँपिअरच्या स्लो-ब्लो फ्यूजमधून, नंतर स्विचमधून पहिल्या ट्रान्सफॉर्मरला न्यावी. अर्थिंगची वायर डब्याला स्वतंत्र बोल्टने, रंग खरवडून, दातेरी वॉशर घालून पक्की करावी. तो बोल्ट दुसऱ्या कशासाठीही वापरू नये.

पहिल्या ट्रान्सफॉर्मरच्या १५ व्होल्टच्या दोन शाखा होतात. एक शाखा चार डायोडच्या ब्रिजमधून २२०० मायक्रोफॅरडवर आणि तेथून ७८१२ ला जाते. ७८१२ च्या ग्राउंड पायाखाली एक १एन४००७ डायोड घातला, म्हणजे त्याचा अ‍ॅनोड रेग्युलेटरकडे आणि पट्ट्याची बाजू ग्राउंडकडे ठेवली, की आउटपुट १२ ऐवजी १२.६ व्होल्टच्या आसपास येतो. ईसीसी८२ चे हीटर सिरीजमध्ये १२.६ व्होल्ट, १५० मिलिअँपिअरवर चालते, त्यामुळे हा आकडा नेमका बसतो. ०.१ मायक्रोफॅरडचे छोटे कपॅसिटर रेग्युलेटरच्या पायांलगतच लावावेत.

सावधान: ७८१२ ची धातूची पाठ त्याच्या ग्राउंड पायाला आतून जोडलेली असते. ती अभ्रकाची चकती न घालता डब्याला टेकवली तर खालचा डायोड शॉर्ट होतो, व्होल्टेज १२ वर येतो आणि ग्राउंडला दुसरी वाट तयार होते. ही दुसरी वाटच पुढे घूं आवाजाचे कारण ठरते आणि ती शोधायला फार वेळ लागतो.

दुसरी शाखा ६३० मिलिअँपिअरच्या फ्यूजमधून आणि एका स्विचमधून उलट्या जोडलेल्या दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरला जाते. एचटीचा स्विच येथे, १५ व्होल्ट एसीवरच ठेवावा. अनेकजण तो एचटीच्या डीसी वायरवर लावतात. साध्या स्विच-रिलेवर छापलेले २५० व्होल्ट एसीसाठी असतात. डीसीसाठी त्याच रिलेवर ३० व्होल्ट लिहिलेले असते, कारण डीसीची ठिणगी सहज विझत नाही आणि काँटॅक्ट चिकटतात.

दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या उच्च बाजूला चार १एन४००७ चा ब्रिज, मग पहिला ४७ मायक्रोफॅरड, ४.७ किलोओहम, दुसरा ४७ मायक्रोफॅरड, पुन्हा ४.७ किलोओहम आणि तिसरा ४७ मायक्रोफॅरड अशी साखळी लावावी. तिसऱ्या कपॅसिटरवर २२० किलोओहम, २ वॉटचा ब्लीडर कायमचा जोडावा. वीज बंद झाल्यावर भार उतरवण्याचे काम तो करतो, त्यामुळे एचटी सुरू करण्याआधीच तो जागेवर असला पाहिजे.

आता व्हॉल्व्हच्या जागी ३३ किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर तात्पुरता लावावा. २०० व्होल्टवर तो ६ मिलिअँपिअर घेतो, म्हणजे जवळजवळ व्हॉल्व्हएवढाच. पहिल्यांदा वीज देताना मेन्सच्या फेजमध्ये ४० वॉटचा साधा, तारेचा बल्ब सिरीजमध्ये घालावा. बल्ब क्षणभर लुकलुकून मंद झाला तर ठीक. पूर्ण उजळलेलाच राहिला तर कोठेतरी शॉर्ट आहे. तसे झाले तर लगेच बंद करावे.

तपासणी: बल्ब काढल्यानंतर हीटरवर १२.३ ते १२.९ व्होल्ट, पहिल्या कपॅसिटरवर २६० ते ३०० व्होल्ट आणि तिसऱ्यावर १९० ते २१५ व्होल्ट दिसावा. तिसरा आकडा २३० च्या वर असेल तर दोनांपैकी एक रेझिस्टर ६.८ किलोओहमचा करावा. १८० च्या खाली असेल तर एक ३.३ किलोओहमचा करावा. १५ मिनिटे चालू ठेवून ट्रान्सफॉर्मर आणि हीटसिंक किती तापतात ते पाहावे. ट्रान्सफॉर्मर वीज बंद करून, प्लग काढूनच हाताने चाचपावा.

टप्पा ५: व्हॉल्व्हची स्टेज बांधणे

सॉकेटच्या पिना कोठून मोजायच्या, यात सर्वाधिक चुका होतात. नऊ पिनी सॉकेट खालून, म्हणजे डाग देण्याच्या बाजूने पाहावा. पिनांमधील मोठ्या फटीपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने १ ते ९ मोजावे. वरून पाहिले की हाच क्रम उलटा होतो. मी स्वतः एकदा वरून पाहून काढलेल्या कागदानुसार खालून वायरिंग केले होते. हीटर ४ आणि ५ ऐवजी ६ आणि ५ वर गेले, व्हॉल्व्ह थंडगार राहिला आणि मी अर्धा तास रेग्युलेटरला दोष देत बसलो. तेव्हापासून कागदी चिकटपट्टीवर आकडे लिहून ती सॉकेटभोवती लावल्याशिवाय मी सोल्डरिंग आयर्न तापवत नाही.

ईसीसी८२ मध्ये पिन १ आणि ६ अ‍ॅनोड, २ आणि ७ ग्रिड, ३ आणि ८ कॅथोड असतात. हीटर ४ आणि ५ वर, तर ९ हा हीटरचा मधला बिंदू असतो. आपण १२.६ व्होल्ट ४ आणि ५ वर देत आहोत, म्हणून ९ ला काहीही जोडायचे नाही.

सावधान: ई८८सीसी म्हणजेच ६९२२ हा व्हॉल्व्ह याच सॉकेटमध्ये बसतो आणि त्याची अ‍ॅनोड, ग्रिड, कॅथोडची मांडणीही हीच असते. मात्र त्याचे हीटर ४ आणि ५ वर ६.३ व्होल्टचे असते आणि ९ वर आतील शिल्ड असते. “बसतो, म्हणजे चालतो” असे समजून तो येथे लावला तर हीटर काही क्षणांत जाते.

जोडणीचा क्रम असा ठेवावा.

प्रथम हीटरच्या वायरी घट्ट पिळून, डब्याच्या पत्र्याला चिकटवून सॉकेटपर्यंत आणाव्यात. त्यानंतर दोन्ही अ‍ॅनोड थेट तिसऱ्या कपॅसिटरवरील २०० व्होल्टच्या बिंदूला जोडावेत. कॅथोड फॉलोअरमध्ये अ‍ॅनोडला रेझिस्टर लागत नाही. दोन्ही कॅथोडपासून ग्राउंडला प्रत्येकी २२ किलोओहम, २ वॉटचा रेझिस्टर द्यावा.

ग्रिडला सुमारे ६० व्होल्टचा बायस लागतो. २०० व्होल्टपासून २२० किलोओहम आणि तेथून ग्राउंडला १०० किलोओहम लावला की मधल्या बिंदूवर साडेबासष्ट व्होल्ट मिळतात. त्या बिंदूपासून ग्राउंडला १० मायक्रोफॅरड लावावा. हा कपॅसिटर गाळला तर एचटीमधील उरलासुरला तरंग थेट ग्रिडवर जातो. या बिंदूपासून प्रत्येक चॅनेलकडे ४७० किलोओहमचा एक रेझिस्टर जातो. तो ०.२२ मायक्रोफॅरडच्या इनपुट कपॅसिटरला जेथे मिळतो, तेथून १ किलोओहमचा ग्रिड स्टॉपर पिनकडे न्यावा. या स्टॉपरचे टोक पिन २ आणि ७ ला अगदी टेकलेले हवे. तो दोन इंच दूर ठेवला तर त्याचा उपयोग राहत नाही आणि व्हॉल्व्ह कानाला न ऐकू येणाऱ्या उच्च कंपनात जाऊ शकतो.

इनपुट कपॅसिटरच्या डॅककडील बाजूपासून ग्राउंडला १०० किलोओहमचा रेझिस्टर अवश्य द्यावा. हा रेझिस्टर अनेक आराखड्यांत दाखवलेला नसतो आणि तो नसल्यानेच माझा एक डॅक बोर्ड गेला आहे. कारण असे की तो नसेल आणि केबल काढलेली असताना एचटी चालू असेल, तर कपॅसिटरची मोकळी बाजूही हळूहळू ६० व्होल्टकडे सरकते. मग केबल लावताच तो सगळा भार डॅकच्या आउटपुटमध्ये शिरतो. त्या वेळी बारीकशी टच् ऐकू आली होती. डावा चॅनेल त्यानंतर परत बोलला नाही.

शेवटी कॅथोडपासून २.२ मायक्रोफॅरडचा आउटपुट कपॅसिटर, त्याच्या पुढच्या बाजूपासून ग्राउंडला २२० किलोओहम, मग सिरीजमध्ये ४७० ओहम आणि तेथून आउटपुट सॉकेट. या ४७० ओहमनंतर सिग्नलला ग्राउंडशी शॉर्ट करणारा म्यूट रिले लावावा. वीज नसताना तो शॉर्ट ठेवणारा, म्हणजे सामान्यतः बंद काँटॅक्टचा असावा आणि ६० सेकंदांनी मोकळा होणाऱ्या टायमर मॉड्यूलवर चालावा. मॉड्यूलला हीटरच्याच १२.६ व्होल्टवर चालवता येते. त्याच्या कॉइलला समांतर, पट्ट्याची बाजू धनाकडे ठेवून, एक १एन४००७ हवा. मॉड्यूलवर तो नसेल तर वेगळा घ्यावा. कॅथोड शून्यापासून ६८ व्होल्टपर्यंत चढताना आउटपुट कपॅसिटरमधून जो झटका जातो, तो स्पीकरपर्यंत पोहोचू न देण्याचे काम हा रिले करतो.

टप्पा ६: ग्राउंड

एचटीचा ऋण, हीटरचा ऋण, कॅथोडचे रेझिस्टर आणि इनपुट-आउटपुट सॉकेटांचे ग्राउंड हे सर्व आउटपुट सॉकेटजवळच्या एकाच बिंदूवर आणावेत. तेथून एकच वायर डब्याच्या धातूला, अर्थिंगच्या बोल्टशेजारी पण वेगळ्या स्क्रूने जोडावी. आरसीए सॉकेट प्लास्टिकच्या वॉशरने डब्यापासून अलग ठेवावेत.

तपासणी: डब्याला जाणारी ती एक वायर तात्पुरती सोडवावी आणि मीटरने सिग्नल ग्राउंड व डबा यांच्यात कंटिन्युइटी पाहावी. मीटर वाजला तर कोठेतरी दुसरी वाट आहे. ती ७८१२ च्या पाठीमागे किंवा एखाद्या आरसीए सॉकेटखाली सापडते. ती काढल्यावरच वायर पुन्हा जोडावी. वायर सुटी असताना वीज देऊ नये.

टप्पा ७: व्हॉल्व्ह लावून पहिली वीज

तात्पुरता ३३ किलोओहमचा रेझिस्टर काढावा. तो राहून गेला तर एचटी खूपच खाली येतो आणि कारण सापडत नाही. स्ट्रीमर आणि अँप्लिफायर अजूनही जोडायचे नाहीत.

एचटीचा स्विच बंद ठेवून फक्त हीटर सुरू करावे. अर्ध्या मिनिटात व्हॉल्व्हमध्ये मंद नारिंगी प्रकाश दिसतो. ४ आणि ५ वर १२.६ च्या आसपास व्होल्ट पुन्हा मोजावा. मगच एचटी सुरू करून एक मिनिट थांबावे आणि आकडे घ्यावेत. पिन १ आणि ६ वर सुमारे २०० व्होल्ट असावा. पिन ३ आणि ८ वर ६४ ते ७२ व्होल्ट यावा, म्हणजे प्रत्येक बाजूतून सुमारे ३ मिलिअँपिअर वाहत आहे. ग्रिडवर मीटर लावला तर खरा आकडा दिसत नाही, कारण १० मेगओहमचा मीटरही ४७० किलोओहमच्या पुढे थोडा भार टाकतो. म्हणून बायसचा बिंदू मोजावा, ग्रिड नव्हे.

आकडे चुकल्यास कारण पुढीलप्रमाणे शोधावे. कॅथोडवर शून्य असेल तर हीटर किंवा एचटी पोहोचलेला नाही. दोन्ही कॅथोड १२० च्या पुढे गेले असतील तर बायसचा १०० किलोओहम सुटलेला आहे. एकच कॅथोड भरकटलेला असेल तर त्या बाजूचा ४७० किलोओहम किंवा डाग तपासावा. दोन कॅथोडांमध्ये तीन-चार व्होल्टचा फरक असेल तर ती व्हॉल्व्हच्या दोन अर्ध्यांतील नैसर्गिक तफावत आहे, त्यामागे लागू नये.

तपासणी: म्यूट रिले सुटल्यानंतर आउटपुटवर डीसी मोजावा. तो सुरुवातीला थोडा दिसून काही सेकंदांत ५ मिलिव्होल्टच्या खाली उतरला पाहिजे. तो उतरत नसेल तर आउटपुट कपॅसिटर गळका आहे आणि अँप्लिफायर जोडण्याआधी तो बदलणे भाग आहे.

टप्पा ८: स्ट्रीमर, नंतर अँप्लिफायर

सर्व उपकरणे बंद करून केबल लावाव्यात. दोन पिनी अ‍ॅडॅप्टरवर चालणाऱ्या पायचे ग्राउंड अर्थशी बांधलेले नसते, त्यामुळे अ‍ॅडॅप्टरमधून झिरपणारा अल्पसा प्रवाह त्यावर असतो. आरसीए प्लगमध्ये मधली पिन ग्राउंडच्या कड्याआधी टेकते. म्हणून चालू स्थितीत केबल घातली की तो झटका सिग्नलच्याच वाटेने जातो.

टप्पा १ मधील १०० हर्ट्झचा टोन लावून आउटपुट मोजावा. डॅकवर २.१ व्होल्ट असेल तर येथे १.९ ते २ व्होल्ट येतो. दोन्ही चॅनेल समान असावेत. त्यानंतर टोन बंद करावा, सर्व काही बंद करून अँप्लिफायर जोडावा आणि त्याचा व्हॉल्यूम शून्यावर ठेवून सुरू करावे. सॉफ्टवेअरमध्ये मिक्सर बंद ठेवला असेल तर डॅक सदैव पूर्ण पातळीवर वाजतो, हे अँप्लिफायरच्या बटणाला हात लावण्यापूर्वी आठवावे.

सुरू करण्याचा क्रम स्ट्रीमर, हीटर, एचटी, अँप्लिफायर असा, तर बंद करण्याचा क्रम नेमका उलटा.

घूं आवाज आला तर

आवाजाची जात आधी ओळखावी. फोनवर टोन जनरेटरचे अ‍ॅप घेऊन हेडफोनमध्ये ५० आणि १०० हर्ट्झ आळीपाळीने ऐकावेत आणि स्पीकरमधील आवाजाशी ताडून पाहावेत. फोनच्या स्वतःच्या स्पीकरवर ५० हर्ट्झ ऐकूच येत नाही. आवाज ५० चा असेल तर ग्राउंड लूप (ग्राउंडला दोन वाटा मिळून झालेले वेटोळे) किंवा ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र कारणीभूत असते. १०० चा असेल तर एचटीचा किंवा बायसचा एखादा कपॅसिटर नीट जोडलेला नाही.

५० हर्ट्झसाठी प्रथम स्ट्रीमरची केबल काढून पाहावी. आवाज गेला तर लूप स्ट्रीमरच्या बाजूने आहे. पायला शिल्ड असलेली लॅन केबल लावलेली असेल तर ती बदलून साधी यूटीपी लावावी, कारण शिल्ड राउटरकडचे ग्राउंड घेऊन येते. केबल काढूनही आवाज राहिला तर ट्रान्सफॉर्मर सोडवून, वायरी लांब करून, तो जागीच फिरवून पाहावा. कधी कधी ९० अंशांच्या फरकाने आवाज निम्म्याहून खाली येतो. लूप तोडण्यासाठी अर्थिंगची पिन काढण्याचा सल्ला काही ठिकाणी दिला जातो. तो कोणत्याही परिस्थितीत मानू नये. आत एखादी वायर सुटली तर डबाच जिवंत होतो.

नंतरची देखभाल

नव्या व्हॉल्व्हचे आकडे पहिल्या वीस-तीस तासांत थोडे हलतात. त्यानंतर कॅथोडचे दोन्ही आकडे, हीटर आणि एचटी पुन्हा मोजून, तारीख घालून, एका कागदावर लिहावेत आणि तो कागद झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवावा. व्हॉल्व्ह बदलला की त्याखाली नवी ओळ लिहावी. कॅथोडचा आकडा मूळ नोंदीपेक्षा दहा व्होल्टने खाली आला आणि हीटर व एचटी जागेवर असले, तर व्हॉल्व्हचे दिवस भरत आले आहेत असे समजून दुसरा मागवून ठेवावा.